वजडीची पाटी

फ्रान्सात वजडीला पाटी असते. भर रस्त्यावर, दुकानाच्या कपाळावर, भल्या मोठ्या अक्षरांत. त्या दुकानाला 'त्रिपरी' म्हणतात. आत काचेच्या पेटीत बर्फावर सगळं मांडलेलं: वजडी, जीभ, काळीज, मेंदू, पाय, मूत्रपिंड, वासराचं सोललेलं अख्खं मुंडकं. प्रत्येकासमोर भावाची चिठ्ठी. समोर रांग. रांगेत एक म्हातारी बाई, मोत्यांची माळ घातलेली. एक कोटवाला. मालक पांढरा एप्रन घालून विचारतो, किती देऊ, कशासाठी पाहिजे, किती माणसं जेवणार. आणि ती मोत्यांची बाई वजडी कशी शिजवायची यावर त्याच्याशी पाच मिनिटं वाद घालते.

मी बाहेर उभा राहून हे पाहत होतो. मला आत जावंसं वाटलं नाही, निघून जावंसंही वाटलं नाही.

आपल्याकडची जी माणसं फ्रान्सला जाऊन येतात ती काय लिहितात हे आपण वाचलेलं आहे. आयफेल टॉवर, मोनालिसा, अत्तर, नदीकाठची संध्याकाळ. मग दोन पानं जेवणाच्या हालांची: शाकाहारी काही मिळालं नाही, ब्रेड आणि फळांवर दिवस काढले, बरं झालं घरून चिवडा नेला होता. त्यांचा फ्रान्स त्यांना लखलाभ. आयफेल टॉवर मीही पाहिला. उंच आहे. लोखंडाचा आहे. पुढं जाऊ.

मी गेलो ते पुतणीमुळे. माझ्या धाकट्या भावाची पोरगी राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीवर ल्यों शहरात शिकत होती. मास्तरकीतून रिटायर झालेल्या माणसाजवळ वेळ असतो आणि थोडा फंड असतो. २०२३ च्या जूनमध्ये धानाचे परे टाकायच्या दिवसांत मी भंडाऱ्याहून निघालो. भाऊ म्हणाला, "दादा, पोरीले पाहून ये. काय खाते, कशी राहाते, ते पाहून ये."

काय खाते. त्याचीच ही गोष्ट आहे म्हणा.

पहिलं पाणी. पॅरिसच्या रस्त्यांवर हिरव्या रंगाचे लोखंडी नळ-खांब आहेत. चार बायका डोक्यावर घुमट धरून उभ्या आणि मधून पाण्याची बारीक धार. रिचर्ड वॉलेस नावाच्या एका इंग्रज श्रीमंताने १८७२ पासून ते शहराला बांधून दिले. प्रशियाबरोबरच्या युद्धात शहर वेढलं गेलं होतं, पाणी महाग झालं होतं, गरिबांनी दारूच्या ऐवजी पाणी प्यावं असा त्याचा हेतू. त्या नळांना पूर्वी साखळीने बांधलेले कथलाचे पेले होते. येईल त्याने त्याच पेल्यात पाणी घ्यायचं, प्यायचं, सोडून द्यायचं. हमाल, शिपाई, भिकारी, बाजारातली बाई, सगळ्यांचं तोंड त्याच पेल्याला. १९५२ साली रोगराई पसरते म्हणून ते पेले काढले.

मित्रांनो, हे मी दोनदा विचारून घेतलं. रोगराईसाठी काढले. विटाळासाठी नाही.

२० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं तेव्हा पॅरिसमध्ये तो साखळीचा पेला पन्नास वर्षं जुना झालेला होता. आपल्या तळ्यात गुरं पाणी पीत होती. आपण प्यालो तर गावानं घागरी भरभरून शेण-गोमूत्र ओतून तळं शुद्ध केलं. मी त्या खांबाशी उभा राहून बाटली भरली. एक पोरगा मागं थांबला होता, तो म्हणाला काहीतरी, पुतणी म्हणाली, "मोठेबाबा, तो म्हणते आरामात भरा."

तिथल्या खानावळीतही तसंच. बसलं की पाण्याची सुरई टेबलावर येते. फुकट. मागितली की नळाचं पाणी द्यावंच लागतं असा नियम आहे. पाव टेबलावर तसाच ठेवतात, ताटाबिटाशिवाय. मोडायचा, खायचा. या साध्या गोष्टी आहेत. पण ज्याच्या आजीनं गावच्या विहिरीवर ताटकळत उभं राहून कोणीतरी वरून ओतावं म्हणून वाट पाहिली त्याला त्या साध्या दिसत नाहीत.

आता व्हर्सायचं सांगतो, कारण ते आपलं आहे. तुम्ही म्हणाल, राजाचा महाल आपला कसा? महाल नाही. महालाला मी बाहेरून पाहिलं, तिकिटाची रांग मैलभर होती. मी गेलो त्या गल्लीत जिथं एक जुनी चेंडू खेळायची बंदिस्त जागा आहे. मोठी खोली, उंच खिडक्या, बस्स. १७८९ साली राजानं सभा बोलावली. धर्मगुरू एक, सरदार दोन आणि बाकी सगळी रयत तीन, अशा तीन वर्गांची. तिसऱ्या वर्गाची माणसं भारी पडायला लागली तेव्हा २० जूनला त्यांच्या सभागृहाचं दार बंद करून ठेवलं. ती पावसात बाहेर. मग ती या चेंडूच्या खोलीत घुसली आणि शपथ घेतली, देशाला घटना दिल्याशिवाय पांगायचं नाही.

महाडच्या दुसऱ्या परिषदेत, २५ डिसेंबर १९२७ ला, बाबासाहेबांनी आपल्या भाषणात याच सभेचं नाव घेतलं. व्हर्सायच्या १७८९ च्या सभेशी त्यांनी महाडच्या मांडवाची तुलना केली. कुठं फ्रान्सचा राजवाडा आणि कुठं महाडातला तो मांडव, जिथं बसलेल्यांपैकी किती जणांच्या अंगात सदरा होता कोण जाणे. पण माणूस ठामपणे म्हणत होता की ते आणि आपण एकाच कामाला बसलेलो आहोत. आणि बघा, महाडातही दार बंदच होतं. गावातल्या हिंदूंनी मांडवाला जागा दिली नाही. एका मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली तेव्हा परिषद भरली. त्याच रात्री मनुस्मृती जळाली.

मी त्या खोलीत अर्धा तास होतो. पहारेकऱ्याशिवाय दुसरं कोणी नव्हतं. भिंतींच्या कडेला त्या वेळच्या सभासदांचे अर्धपुतळे. मला हसू आलं. च्यायला, आपल्याकडं असती तर निदान हार तरी घातला असता.

फ्रान्समध्ये प्रत्येक शाळेवर, प्रत्येक नगरपालिकेवर तीन शब्द कोरलेले आहेत: स्वातंत्र्य, समता, बंधुता. गावखेड्याच्या ग्रामपंचायतीवरसुद्धा. दगडात. आपल्या घटनेच्या पहिल्या पानावर ते आहेत आणि त्यांच्याही आधी न्याय आहे. आपले शिकलेले विरोधक आपल्याला डिवचतात की तुमच्या बाबासाहेबांनी हे फ्रान्सकडून उचललं. त्यांना सांगा, ३ ऑक्टोबर १९५४ ला आकाशवाणीवर बाबासाहेबांनी याचं उत्तर देऊन ठेवलेलं आहे. हे तीन शब्द मी फ्रेंच राज्यक्रांतीकडून घेतलेले नाहीत, माझ्या गुरूकडून, बुद्धाकडून घेतले, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. त्याच वर्षीच्या मे महिन्यात ते आपल्या भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीला उभे होते आणि आपण त्यांना पाडलं होतं. आपण म्हणजे भंडारा जिल्ह्याने. वस्तीतली म्हातारी माणसं ती सभा सांगत तेव्हा त्यांचा आवाज बसायचा. पाच महिन्यांनी तो पडलेला माणूस रेडिओवर समतेपेक्षा बंधुतेला मोठं म्हणतो. मला हे तिथं, एका शाळेच्या दारावरचे शब्द वाचताना फार लागलं.

आणि हेही लिहून ठेवतो की दगडात कोरलं म्हणजे झालं असं नाही. समता कोरणाऱ्यांनी आपल्या बायकांना मताचा हक्क दिला तो १९४४ साली. गुलामगिरी १७९४ ला बंद केली, नेपोलियनने १८०२ ला परत चालू केली, शेवटी १८४८ ला गेली. पॅरिसच्या एका पुलावर छोटी पाटी आहे: १७ ऑक्टोबर १९६१ ला मोर्चा काढणाऱ्या अल्जेरियन माणसांना पोलिसांनी मारलं, किती जणांना नदीत फेकलं. ती पाटी लागायला २००१ उजाडलं. मी असतानाच, २७ जूनला, पॅरिसजवळ नांतेर इथं सतरा वर्षांच्या नाहेल नावाच्या पोराला पोलिसाने गाडी थांबवून गोळी घातली. उत्तर आफ्रिकेतून आलेल्या घरातला पोरगा. देश पेटला. ल्योंच्या भोवतालच्या वस्त्याही पेटल्या. रात्री नऊनंतर बस आणि ट्राम बंद. पुतणीच्या खोलीच्या खिडकीतून धूर दिसायचा. ती म्हणाली, "मोठेबाबा, खिडकी लावा." मी लावली नाही. असा धूर मी पूर्वी पाहिलेला आहे, २००६ साली, खैरलांजीनंतर.

आता ल्यों. ल्यों हे रेशमाचं शहर. क्र्वा-रूस नावाची टेकडी आहे, तिच्यावर विणकरांची घरं. छत बारा-तेरा फूट उंच, कारण जाकार्डचा माग तेवढा उंच असायचा. मागाखाली काम, मागाशेजारी चूल, मागावरच्या माळ्यावर झोप. या विणकरांना 'कानु' म्हणायचे. १८३१ ला आणि पुन्हा १८३४ ला त्यांनी मजुरीच्या दरासाठी उठाव केला, काळं निशाण घेऊन टेकडीवरून खाली उतरले. फौज आली, शेकड्यांनी मेले. मला आपल्या आंधळगाव-मोहाडीकडचे कोशाचे माग आठवले. खड्ड्यात पाय सोडून बसलेला माणूस आणि त्याच्या वर पावसाळ्यात गळणारं छप्पर. एकेकाळी आपल्या विदर्भातले महारही जाडंभरडं कापड विणायचे आणि गिरण्यांनी ते हातचं घेतलं. कोशाची साडी नेसणारीला विणणाऱ्याचं घर माहीत नसतं, हे तिथंही तसंच होतं.

या विणकरांचं जेवण म्हणजे आजचं ल्योंचं नामांकित जेवण. रात्रभर काम करून पहाटे ही माणसं खायची: वजडी, डुकराचे पाय, मुंडकं, रक्ताची लांब नळी, उरलंसुरलं. चांगलं मांस शेठच्या घरी जायचं. आज त्याच जेवणासाठी 'बुशों' नावाच्या खानावळी आहेत, लाल-पांढऱ्या चौकड्यांचं टेबलाचं कापड, आणि लोक दुसऱ्या देशांतून जागा राखून येतात. एका पदार्थाचं नाव आहे 'पागोट्याचा' नाही, 'खंदकवाल्या शिपायाचा एप्रन': वजडीचा चौकोनी तुकडा, पावाच्या चुऱ्यात घोळून तळलेला. एक आहे आंदुयेत, आतड्यांत आतडी भरून केलेली. तिचा वास उग्र. दारातून आत येताच कळतं. आणि तिच्या चाहत्यांची चक्क संघटना आहे, जी चव घेऊन चांगल्या आंदुयेतला पाच 'अ' असं प्रमाणपत्र देते! आतड्याला प्रमाणपत्र. आपल्याकडं जातीचं प्रमाणपत्र मिळवायला चपला झिजतात.

राज्यक्रांतीची आठवण म्हणूनही ते हेच खातात. २१ जानेवारी १७९३ ला राजा सोळाव्या लुईचं डोकं उडवलं. त्या दिवशी काही राजेशाहीविरोधी मंडळं अजून एकत्र बसून वासराचं मुंडकं खातात. आपण २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळल्याची आठवण काढतो, भाषणं होतात, मग चहा आणि पार्ले बिस्किट.

आम्ही बसलो. पुतणीने तो वजडीचा एप्रन मागवला. मी तिच्या तोंडाकडं पाहत होतो. तिनं घरी कधी वजडी खाल्लेली नाही. माझ्या भावानं घरात आणू दिली नाही. घास घेतला, चावला, खाली पाहून म्हणाली, "मोठेबाबा, नागपूरले चार वर्षं मी रूमवर सांगितलं, आम्ही व्हेज आहो. रूम मिळावी म्हणून. डब्यात अंडं नेलं नाही. अना इथं ही बाई मले विचारते, संग कोणती वाईन देऊ."

मी काही बोललो नाही. शाळेत माझ्या डब्यापासून पोरं चार हात सरकून बसायची. "याच्या डब्यातून वास येते." डब्यात कधी कधी फक्त लाखोरीच्या डाळीचं वरण असायचं. वास डब्याचा नव्हताच.

आता इथं एक गोष्ट नीट बोलली पाहिजे, कारण आपल्याच घरात तिच्यावरून भांडण आहे. भाऊ म्हणतो, बाबासाहेबांनी हे सगळं सोडायला सांगितलं, तू ते परत काय आणतोस? महाडला मार्च १९२७ मध्ये बाबासाहेबांनी सांगितलं ते मेलेल्या जनावराचं मांस सोडा हे. गावकीची घाण कामं सोडा, उष्टंशिळं मागून आणणं सोडा. त्या मांसाचा आणि त्या कामाचा एकच दोर होता. पाटलाचा बैल मेला की निरोप यायचा. ओढून न्यायचा, सोलायचा, कातडं द्यायचं, मांस पदरात. त्याच्या चान्या करून दोरीवर वाळवायच्या आणि पावसाळाभर पुरवायच्या. आजी सांगायची, जनावर मेलं की वस्तीत आनंद आणि मनात लाज, दोन्ही एकदम. १९५६ नंतर आमच्या वस्तीनं तो दोर टाकून दिला. गावानं रोजी बंद केली, दुकान बंद केलं. वस्ती हटली नाही. पुढच्या पिढीनं खाल्लं ते बाजाराच्या दिवशी खाटकाकडून, पैसे मोजून. वजडी घेतली कारण ती परवडायची.

म्हणजे फरक पदार्थात नाही. ल्योंची वजडी कत्तलखान्यातून येते, डॉक्टरचा शिक्का घेऊन, भावाची चिठ्ठी लावून. आमच्या आजीची वजडी निरोपावर यायची. बाबासाहेबांनी निरोप तोडायला सांगितला. पोटाची लाज धरा असं सांगितलं नाही. १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात त्यांनी उलट दाखवलं की गोमांस सगळेच खात होते, ब्राह्मणसुद्धा. बौद्ध धम्माशी झालेल्या झगड्यात त्यांनी ते सोडलं आणि ज्या फुटलेल्या, गरीब माणसांना सोडणं परवडलं नाही ती अस्पृश्य ठरली. हा सिद्धान्त आपण भाषणात सांगतो आणि घरी येऊन खिडक्या लावून मटण शिजवतो.

भाऊ आपल्या जागी चूक आहे असंही मी म्हणत नाही. ज्यानं चान्यांचा वास सोसला त्याला वरण-भात हीच क्रांती वाटते. त्याचा तो हक्क आहे. पण त्याच्या पोरीला खोटं बोलून खोली मिळते तेव्हा ती क्रांती कोणाच्या उपयोगी पडली?

आणि आता तर कायदाच आहे. ४ मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात बैल कापणंही गुन्हा झाला, पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. गाईचा कायदा १९७६ चा जुनाच होता. मुंबई हायकोर्टाने २०१६ ला बंदी कायम ठेवली, एवढंच म्हटलं की राज्याबाहेरून आणलेलं मांस जवळ ठेवणं हा गुन्हा ठरणार नाही. म्हशीची मोकळीक आहे. पण तुमसरच्या नाक्यावर गाडी अडवणारा पोरगा म्हैस आणि बैल यातला फरक पाहत नाही, तो टोपी आणि आडनाव पाहतो. शेतकऱ्याचा म्हातारा बैल विकला जात नाही, तो रात्री दुसऱ्याच्या बांधीत सोडून दिला जातो. ज्या फ्रेंचांना आपलं जेवण इतकं थोर वाटतं की २०१० साली त्यांनी जेवणाची रीत युनेस्कोच्या वारशात नोंदवली, त्यांच्या त्या वारशातलं अर्धं ताट भंडाऱ्यात शिजवलं तर आत टाकतील.

इथवर आल्यावर मला वाटलं होतं की विषय संपला: त्यांच्याकडं विटाळ नाही, आपल्याकडं आहे. पुतणीनंच तो मोडला. तिच्या हातात 'बलुतं' होतं. फ्रेंचमधलं. दया पवारांचं हे पुस्तक १९७८ चं, फ्रेंचमध्ये १९९० ला आलं, भाषांतर गी प्वातव्हँ यांचं. हा फ्रेंच माणूस सत्तरच्या दशकात पुण्यात येऊन राहिला, इथलाच झाला. हेमा राइरकर आणि इतर सहकाऱ्यांसोबत त्यानं खेड्यापाड्यांतल्या बायांकडून जात्यावरच्या लाखावर ओव्या गोळा केल्या. त्यात भीमाच्या ओव्या खूप. पुतणी म्हणाली, तिच्या वर्गातल्या एका दक्षिणेकडच्या मुलीनं ते वाचलं आणि म्हणाली, आमच्याकडंही होते असे. कागो.

म्हणून आम्ही पिरेनीज पर्वताकडं गेलो. आधी लूर्द. तिथं आजारी माणसं चाकाच्या खुर्चीतून झऱ्याच्या पाण्याला येतात आणि दुकानांत ते पाणी भरायला देवीच्या आकाराच्या प्लास्टिकच्या बाटल्या मिळतात. आपला बाजार त्यांच्यापुढं काहीच नाही. तिथून बसनं वर डोंगरात. सां-साव्हँ नावाच्या गावात जुनं चर्च आहे. दारात शिरताना बोट बुडवायचं पवित्र पाणी असतं, तशी तिथं एक वेगळी दगडी कुंडी आहे, बुटक्या दोन आकृत्यांनी पेललेली. ती कागोंची. त्याच्या पुढं ल्युझ गावात तटबंदीचं चर्च आहे, त्याला एक लहान दार आहे. कागोंचं दार. वाकून जावं लागेल असं.

कागो कोण? कोणालाच नीट माहीत नाही. हीच त्यातली मोठी गोष्ट. त्याच रंगाची, त्याच भाषेची, त्याच धर्माची माणसं. दक्षिण-पश्चिम फ्रान्समध्ये मध्ययुगापासून शेकडो वर्षं त्यांना गावाबाहेर ठेवलं. वेगळा मोहल्ला, चर्चमध्ये वेगळं दार, वेगळी जागा, वेगळं पाणी. मेल्यावर वेगळी जमीन. कुठं कुठं प्रसादाची भाकरी त्यांना लांब काठीच्या टोकावरून द्यायचे. अनवाणी चालायचं नाही, जमीन विटाळते. कपड्यावर लाल चिंधीचा बदकाचा पाय शिवायचा, म्हणजे लांबून ओळखू यावं. पेशवाईतल्या गळ्यातल्या मडक्याची आणि कमरेच्या झाडूची आठवण मी तुम्हाला करून द्यायला नको. कोणी म्हणे हे महारोग्यांचे वंशज, कोणी म्हणे हरलेल्या सैन्याचे. कोणी म्हणे यांच्या कानाला पाळी नसते. सतराव्या शतकाच्या तोंडाशी तुलूजच्या वैद्यांनी त्यांना तपासलं, रक्त काढून पाहिलं, आणि लिहून दिलं की ही माणसं धडधाकट आहेत. तरी सुटका नाही. वैद्याच्या चिठ्ठीनं विटाळ जात नसतो.

आणि काम? सुतारकी. लाकडातून रोग पसरत नाही अशी समजूत, म्हणून लाकडाचं काम त्यांच्या वाट्याला. ज्या चर्चमध्ये त्यांना वाकून शिरावं लागायचं, अशा चर्चांची छपरं त्यांनीच केलेली.

मी त्या लहान दाराच्या दगडावर हात ठेवला. गार होता. ना गाय, ना वजडी, ना मनू. तरी दार होतंच. एखाद्याला बाहेर ठेवायचं ठरलं की कारण मागाहून शोधतात, आणि सापडलं नाही तर कानाची पाळी.

पुतणी म्हणाली, "मोठेबाबा, मंग ते आता कुठं गेले?"

गेले नाहीत. तिथंच आहेत. चौदाव्या लुईच्या काळात कागदोपत्री मोकळीक मिळाली, मग राज्यक्रांती आली. गावच्या दप्तरात नावापुढं 'कागो' लिहिलेलं असायचं. लोक सांगतात की क्रांतीच्या धामधुमीत कागोंनी ती दप्तरं जाळली. पुढं शंभर वर्षं गावात कुजबूज राहिली, लग्न ठरताना म्हाताऱ्या बायका कान तपासायच्या. मग कारखाने आले, माणसं शहरात गेली, मिसळली. आज कोणी उठून सांगत नाही की मी कागो. काहींना माहीतच नाही. दार तेवढं उरलं आहे आणि त्याचे फोटो घेतात.

मला हे सुखाचंही वाटलं आणि भीतीचंही. त्यांनी नाव जाळलं आणि सुटले. आपण नाव बदललं, बौद्ध झालो, जाळलं काहीच नाही, उलट निळा झेंडा लावून सांगतो की हो, आम्ही. आपलं दप्तर जाळता येत नाही, ते ग्रामपंचायतीत नसून गावच्या डोक्यात आहे. खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ ला भोतमांगे कुटुंबातली चार माणसं मारली गेली. त्यांच्याकडं जमीन होती, पोरगी शिकत होती, घरात बुद्ध होता. कोर्टात तो जातीचा गुन्हा ठरला नाही, ॲट्रॉसिटीचं कलम लागलं नाही. कान तपासायचीही गरज पडली नव्हती.

परत आल्यावर वस्तीच्या विहारात मी हे सगळं सांगितलं. पंधरा-वीस पोरं, काही बाया. फोटो दाखवले. वजडीच्या दुकानाचा फोटो पाहून पोरांनी टाळ्या पिटल्या. एकानं लगेच सूचना मांडली, यंदा १४ एप्रिलला बुंदी-पुरी बंद, वजडी-भात करा, होऊन जाऊ द्या. दुसरा म्हणाला, बाहेरगावची माणसं येतात, शाकाहारी पाहुणे येतात, आपलीच बदनामी होईल. तिसरा म्हणाला, बदनामी कोणाची, पाहुण्याले पावभाजी करू. गलका झाला.

खालच्या ओळीत वस्तीतली एक आजी बसली होती, ऐंशीच्या वरची. इतका वेळ गप्प. तिनं वजडीबद्दल काही विचारलं नाही. म्हणाली, "बाबू, त्या दारातल्या लोकाइच्या पोरी कोनाच्या घरी दिल्या गा?"

मी म्हटलं, "आजी, आधी आपसात. मंग हळूहळू गावात. मंग कोनीच इचारलं नाही."

"गावानं पोरी देल्या त्याइले?"

"देल्या."

"हं," ती म्हणाली आणि पदर सारखा केला. "आपल्या इथं कोन देते?"

पोरं थोडा वेळ गप्प झाली. तिथंच बसलेला एक जण खाली मान घालून नखं पाहत होता. त्याचं प्रकरण वस्तीत सगळ्यांना माहीत आहे, पोरगी वरच्या गावची, सहा महिन्यांपासून दोघं नागपुरात लपून राहतात. त्याच्या बापानं विषय बदलला. वर्गणी किती काढायची ते आधी ठरवा म्हणाला. घरटी दोनशे ठरली. वजडीचा ठराव पुढच्या बैठकीवर गेला.